लेन्व्हाटिनिबला शनिवार-रविवार सुट्टी: माझा अनुभव

थायरॉइडचा कॅन्सर म्हटलं की सगळे म्हणतात अहो तो बरा होतो. माझं ऑपरेशन झालं, उरलेल्या कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनचे दोन डोस झाले, पण नंतरच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसातल्या गाठींनी आयोडीन घेतलंच नाही आणि थायरोग्लोब्युलिन, म्हणजे हा कॅन्सर शिल्लक आहे का ते दाखवणारं रक्तातलं प्रोटीन, वाढतच राहिलं. मग लेन्व्हाटिनिब हे गाठींची वाढ रोखणारं कॅन्सरचं औषध सुरू केलं, रोज २४ मिलीग्रॅम, म्हणजे १० च्या दोन कॅप्सूल आणि ४ ची एक.

गाठी तीन महिन्यांत लहान झाल्या. पण माझी पिठाची गिरणी, दिवसभर उभं राहायचं काम, आणि औषधाच्या त्रासाने दोन्ही टाचांना पाणी भरलेले फोड, भोवती पिवळी जाड कातडी, घरापासून गिरणीपर्यंत जाताना दोनदा थांबायला लागायचं. जुलाब वेगळे, बीपी १७०/१००, वजन ६८ वरून ५९.

मग मी चुकीचं वागलो. गर्दीच्या दिवशी गुपचूप कॅप्सूल घ्यायचीच नाही. बायकोने एकदा उरलेल्या कॅप्सूल मोजल्या आणि ओपीडीत सरळ डॉक्टरांना सांगून टाकलं. मला वाटलं आता ओरडा बसणार, पण ते म्हणाले, ज्या अभ्यासावरून हे औषध २०१५ ला आलं त्यात ८२ टक्के पेशंटना ते मधे थांबवावं लागलं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तुम्ही न सांगता टाळलंत तर पुढच्या सीटीत गाठ वाढलेली दिसली तर मी काय समजू, औषध चालत नाही की तुम्ही घेत नाही? हे मला आजपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी आधी पूर्ण बंद केलं, पाय बरे होईपर्यंत. मग २० मिलीग्रॅम, पाच दिवस घ्यायचं आणि दोन दिवस बंद. जपानमधले डॉक्टर अशी ठरवून सुट्टी देतात म्हणाले, आणि औषध रक्तात निम्मं व्हायलाच साधारण २८ तास लागतात म्हणून दोन दिवसांत सगळं निघून जात नाही. मी शनिवार-रविवार मागून घेतले, दळणाची गर्दी तेव्हाच असते.

दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगतो. सुट्टी फक्त या कॅप्सूलला, थायरॉइड काढल्यावर त्याच्या हार्मोनऐवजी दिलेली थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायचीच, मी पहिल्या शनिवारी तीही बाजूला ठेवली होती, बायकोने परत हातात दिली. आणि बीपी रोज लिहून ठेवा, कारण या कॅप्सूलने बीपी वाढतो आणि सुट्टीत उतरतो, दुसऱ्याच रविवारी मला उठल्या उठल्या चक्कर आली, बीपी १००/६०, मग बीपीच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी बदलून दिला. हे आपल्या मनाने करू नका, प्रत्येकाचा आजार वेगळा असतो, काहींना असं थांबवणं चालणारही नाही.

सुरुवातीला सुट्टीच्या दोन्ही रात्री झोप यायची नाही, गाठी वाढत असतील असंच वाटायचं. आता १४ महिने झाले, गाठी तेवढ्याच आहेत, वजन ६३. रविवारी रात्री बायको टाचांना युरियाचं क्रीम लावते आणि अंगठ्याने दाबून बघते, कातडी मऊ लागली की म्हणते, घ्या उद्यापासून.