जमिनीला वजन देताना

समकालीन नृत्याच्या माझ्या वर्गात नव्याने येणाऱ्यांपैकी बहुतेक जणी कथक किंवा भरतनाट्यम शिकून आलेल्या असतात, त्यामुळे जमिनीशी त्यांची ओळखच नसते असे म्हणता येणार नाही. ततकार करताना त्यांनी वर्षानुवर्षे जमिनीवर पाय वाजवलेला असतो, आणि भरतनाट्यमच्या तासाला आरंभी भूमीला नमस्कार करून पदाघाताबद्दल तिची क्षमाही मागितलेली असते. मात्र हे सारे नाते तळपायापुरते राहते. पाठ, कूस, मांडीची बाहेरची बाजू यांनी जमिनीवर विसावावे आणि पुढची हालचाल तिथूनच उगवावी, ही गोष्ट त्यांना अगदी नवी असते. पुण्यात फ्लोअरवर्क, म्हणजे जमिनीवर पडून, लोळून करायच्या हालचाली, शिकवता शिकवता माझे मत असे बनले आहे की, या कामात आधी शिकवायचे ते एकच, वजन सोडणे; लोळणे, गिरकी घेत खाली जाणे, खांद्यावरून उलटणे हे सर्व त्यानंतरचे.

वजन सोडणे ऐकायला सोपे वाटते, पण ‘अंग सैल सोड’ असे सांगून कोणाचेही अंग सैल पडत नाही. म्हणून पहिल्या तासाला मी जोड्या करते. एकीने उताणे पडायचे आणि दुसरीने तिचे डोके दोन्ही तळहातांवर घेऊन बोटभर उचलायचे. मोठ्या माणसाचे डोके साधारण ४.५ ते ५ किलोचे असते, पण हातात येते त्याच्या निम्मेच, कारण उरलेला भार मान स्वतःकडेच ठेवून घेते. उचलणारीने हात किंचित खाली नेले, तर पुष्कळदा डोके हवेत तसेच राहते, आणि पडलेल्या मुलीला तेव्हा प्रथमच कळते की ती मान धरून बसली होती. यात अर्धा तास गेला तरी मला तो वाया गेल्यासारखा वाटत नाही.

यानंतर येते ते कुशीवर वळणे. मूल पालथे पडायला शिकते तेव्हा ते अंगाला झटका देत नाही. एक हात किंवा एक पाय शरीराची मध्यरेषा ओलांडून दूर जातो आणि बाकीचे शरीर त्याच्यामागे ओढले जाते. इर्मगार्ड बार्टेनिफ या १९०० साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या. त्या हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांच्या परंपरेत नृत्य शिकल्या आणि पुढे अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट म्हणून पोलिओच्या रुग्णांबरोबर काम करू लागल्या. हात-पाय मध्याशी कसे जोडलेले असतात आणि ती जोडणी तिरकी कशी धावते, हे त्यांनी फार बारकाईने मांडले. त्यांचे व्यायाम मी जसेच्या तसे घेत नाही, परंतु उजव्या हाताची बोटे डाव्या खांद्यापलीकडे लांबवत नेऊन त्या ओढीनेच पालथे व्हायचे, हा पाठ आमच्याकडे रोज होतो.

उभ्याने खाली जाण्याचा भाग मात्र मला माझ्या एका विद्यार्थिनीने शिकवला, असे मी म्हणेन. साठी ओलांडलेल्या या बाईंना वर्गातल्या सगळ्या मुली काकू म्हणतात. काकूंना वेगवान काही जमत नाही, पण खाली बसून पुन्हा उभे राहणे वर्गात त्यांच्याइतके सहज कोणाचेच नव्हते. त्या आधी उकिडव्या बसतात, मग एका बाजूला पाय घेऊन जमिनीवर टेकतात आणि त्याच वाटेने परत वर येतात. खाली बसून निवडण्या-टिपण्यात, भाजी चिरण्यात आणि पंगतीत जेवण्यात गेलेल्या आयुष्याने त्यांच्या घोट्यांना आणि खुब्यांना हे देऊन ठेवले आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या कित्येक मुलींच्या टाचा मात्र उकिडवे बसताना वर उचलल्या जातात. मधला हा टप्पाच नसल्यामुळे त्या उभ्याच्या थेट खाली पडतात. आता आमचा प्रत्येक तास उकिडवे बसण्यानेच सुरू होतो.

कोणता भाग टेकवायचा याचा नियम मी फार काटेकोरपणे पाळते. पोटरीची बाजू, मांडीची बाहेरची बाजू, पुठ्ठ्याचा मांसल भाग, मग पाठीचा तिरका पट्टा, या क्रमाने शरीर जमिनीला मिळावे. गुडघ्याची वाटी, कोपर आणि माकडहाड यांवर वजन येता कामा नये. शिकत असताना एका कार्यशाळेत मला पडण्याची एक रचना केवळ पाहून उचलायला सांगितले गेले होते, आणि माकडहाडाचे ते दुखणे पुढे कित्येक महिने बसताना जाणवत राहिले. त्यामुळे आधी श्वास सोडायचा आणि मगच खाली जायचे, हे मी कधीही गृहीत धरत नाही. श्वास रोखून धरला की बरगड्या ताठरतात आणि पाठ फळीसारखी आपटते.

खांद्यावरून उलटणे शिकवताना शाळेतल्या कोलांटीउडीची सवय आधी मोडावी लागते, कारण तिच्यात मान आणि कणा सरळ वजनाखाली येतात. इथे वाट तिरकी असते, एका खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे जाणारी. ही वाट आयकिडो या जपानी युद्धकलेत आहे. अमेरिकी नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी आयकिडोचा अभ्यास केला होता, आणि १९७२ साली त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलेल्या काँटॅक्ट इम्प्रोव्हायझेशनमध्ये, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शातून आणि वजनातून उत्स्फूर्तपणे घडणाऱ्या नृत्यात, असे उलटणे कायमचे रुजले. अमेरिकी आधुनिक नृत्यातल्या मार्था ग्रॅहम यांच्या पद्धतीतही वर्गाचा आरंभ जमिनीवर बसूनच होतो, पण तिथले बसणे ओटीपोटाच्या आकुंचनातून कण्याला घडवणारे आहे. दोन्ही मला मोलाचे वाटतात, परंतु एकाच तासात दोन्ही शिकवले तर नवशिक्यांचा गोंधळ होतो, म्हणून मी ते टाळते.

जागेबद्दलही बोलायला हवे. तालमीतला हौदा रोज खणून माती मऊ केली जाते, मग पैलवान अंग टाकतो. आम्ही मात्र भाड्याच्या सभागृहातल्या गुळगुळीत फरशीवर तेच करायला जातो. फरशीवर व्हिनाइल, म्हणजे नाचासाठीचे प्लास्टिकचे आवरण, अंथरले की ती मऊ झाली, असा समज आहे, तो खरा नाही. व्हिनाइल घसरण्यापुरते बदल घडवते. धक्का शोषायचा तर खाली पोकळी ठेवून बसवलेली लाकडी जमीनच लागते. ती मिळत नाही तोवर उंचीवरून पडण्याचे काहीही मी शिकवत नाही. पावसाळ्यात उघडी त्वचा व्हिनाइलला चिकटून सोलवटते, म्हणून जून ते सप्टेंबर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायमोजे सक्तीचे असतात.

रचना बसवण्याआधी मी एकदा डोळे मिटून बसते आणि सगळ्यांना एकेक करून खाली जायला सांगते. गुडघा टेकला तर टक् असा कोरडा आवाज येतो, तळहात घाईने आला तर चापट ऐकू येते, आणि वजन नीट पसरत गेले तर कपड्याच्या सळसळीपलीकडे काही कळत नाही. सध्याच्या गटात दोघींच्या उजव्या गुडघ्याचा आवाज अजून येतो, म्हणून या आठवड्यातही आम्ही संगीत न लावताच खाली जात आहोत आणि वर येत आहोत.