शेवटच्या रांगेतला बॉब

अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या बेसबॉल स्टेडियममध्ये आज पार वरच्या, शेवटच्या रांगेत समालोचक बॉब युकरच्या पुतळ्याशेजारी बसले. मैदान धड दिसत नाही. पुढच्या रांगेतले आजोबा कानाला रेडिओ लावून. मागे वळून म्हणाले, "तो बोलायचा तेव्हा इथूनही सगळं दिसायचं."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

युकरने १९७१ पासून २०२४ पर्यंत इथल्या ब्रूअर्स संघाचं रेडिओ समालोचन केलं. जानेवारी २०२५ मध्ये गेला. खेळाडू म्हणून बेताचाच, अख्ख्या कारकिर्दीत १४ होमरन, म्हणजे बेसबॉलचे षटकार. पण स्वतःची टिंगल करावी तर त्यानेच! हवेत हेलकावे खाणारा नकलबॉल कसा पकडायचा? तर म्हणे, तो घरंगळायचा थांबला की उचलायचा. पुतळाही मुद्दामच इतक्या लांब. एका बिअरच्या जाहिरातीत 'आपली सीट पुढेच असणार' म्हणत ऐटीत निघालेला हा गडी शेवटी टोकाला एकटा बसलेला दिसतो.

माझे बाबा बाळ ज. पंडितांच्या मराठी क्रिकेट समालोचनाबद्दल असेच बोलतात, मॅच कोण जिंकलं ते साफ विसरून.

आता दहा कोनांतून रिप्ले दिसतो. पण समालोचकाचं एखादं वाक्य आठवून अलीकडे कधी हसलात का?