लाटेचा सातबारा

किनाऱ्यालगतच्या फेसाळ पाण्यात सगळे एकमेकांचे दोस्त असतात. कुणी आपटलं की बाकीचे हसतात, आपटलेलाही नाकातलं पाणी शिंकरत हसतो. माझे पहिले दोन महिने याच पाण्यात गेले. सर्फिंगवाली माणसं किती गोड असतात, हे मी घरी ऐकवत सुटले होते.

मग एका सकाळी मी थोडी आत गेले. लाट फुटण्याआधी जिथे उभी राहते तिथे, सर्फरांच्या भाषेत लाइनअपला. दहाबारा जण बोर्डांवर बसले होते, सगळ्यांची तोंडं क्षितिजाकडे. मी हसून मान हलवली. एकाने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या नऊ फुटी फोमच्या बोर्डाकडे, आणि पुन्हा क्षितिजाकडे. परक्या घरात चपलांसकट शिरल्यासारखं झालं मला.

बोलत कुणी नव्हतं. शिवी परवडली, निदान तिला उत्तर तरी देता येतं. ही नुसती कपाळावरची आठी, आणि मी पॅडल मारायला, म्हणजे पालथं पडून हातांनी बोर्ड वल्हवायला लागले की शेजारच्याचा एक लांब उसासा.

शिवीही मिळाली, यथावकाश. लाट जिथे आधी फुटते त्या जागेच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. इतरांनी मधे घुसायचं नाही. घुसलात तर तो 'ड्रॉप इन', आणि सर्फरांच्या जगात याहून मोठं पाप नाही. मला नियम पाठ होता. पण लाटेकडे पाठ करून, जीव खाऊन हात मारताना डावीकडून कोण येतंय ते बघायला मान कुठून आणायची? मी उभी राहिले (राहिले!), आणि मागून जो शब्द आला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

राग आला. समुद्राचा सातबारा काय यांच्या नावावर आहे? पण घरी येऊन शांतपणे हिशेब मांडला तर तो त्यांच्या बाजूने थोडा झुकायला लागला. लाटा घोळक्याने येतात, दोन घोळक्यांच्या मधे नुसती वाट बघणं. एका लाटेवर साधारण एकाचीच सोय. वीस मिनिटं ताटकळलेल्याची लाट मी मोडली, तर ती परत कशी करणार? शिवाय माझा बोर्ड. तो हातातून निसटला की मागच्याच्या थोबाडाचा नेम धरतो.

बोर्ड पायाला बांधायची दोरी, म्हणजे लीश, १९७०च्या दशकात रुळली, तेव्हा जुन्या खोडांनी तिला नाक मुरडलं. 'कूक कॉर्ड' म्हणायचे तिला. कूक म्हणजे धड न जमणारा, म्हणजे मी. दोरी नव्हती तेव्हा बोर्ड सुटला की किनाऱ्यापर्यंत पोहत जावं लागे. नवशिक्यांना हाकलायचं काम समुद्रच करत असे. दोरी आली आणि ते काम आठ्यांवर पडलं असावं.

सगळ्याचं समर्थन मात्र होत नाही. कॅलिफोर्नियात लुनाडा बे नावाची खाडी आहे. तिथल्या श्रीमंत वस्तीतले चांगले पोक्त पुरुष बाहेरून येणाऱ्या सर्फरांवर दगड मारतात, त्यांच्या गाड्यांचे टायर फोडतात, अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. २०१६ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, आणि कड्याखाली त्यांनी रचलेला दगडी अड्डा त्याच वर्षी पाडला गेला. लाटेसाठी दगडी अड्डा! याउलट हवाईचा सर्फर ड्यूक कहानामोकू. १९१५ साली सिडनीजवळ प्रात्यक्षिक दाखवताना त्याने इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीला थेट स्वतःच्या बोर्डावर घेतलं. एका लाटेवर दोघं. माझा मघाचा हिशेब कोसळतो तो इथे.

तर, मी जातेच आहे. आता कडेला बसते, पॅडल मारण्याआधी डावीउजवीकडे बघते, चुकले की हात वर करून 'सॉरी' म्हणते. बघण्यात दोन सेकंद जातात आणि लाट पोटाखालून निघून जाते. परवा अशीच एक गेली. तो उसासेवाला शेजारी होता. या खेपेला उसासा आला नाही. क्षितिजावरची नजर न हलवता तो म्हणाला, "उशिरा निघतेस."

दोनच शब्द, तेही खेकसून. मी दिवसभर ते घरात ज्याला त्याला सांगत होते.