तनाका टेस्ट: सगळं झटपट, बेंझिलअमीन सोडून

एचपीएलसीच्या (मिश्रणातली संयुगं वेगळी करणारी द्रव क्रोमॅटोग्राफी) दोन कॉलमवर सी-१८ (सिलिकावर १८ कार्बनांच्या साखळ्या) लिहिलंय म्हणून ते सारखे वागतीलच असं नाही. ते बघायला तनाका टेस्ट: ठरावीक संयुगं कॉलममधून सोडायची आणि कोण किती वेळानं बाहेर येतं ते बघायचं. ८०:२० मेथॅनॉल-पाण्यात पेंटिलबेंझीन, ब्युटिलबेंझीन, ट्रायफेनिलीन आणि ऑर्थो-टरफेनिल, मग ३०:७० मध्ये कॅफीन आणि फिनॉल. हे सगळं एका दुपारी उरकलं.

अडकलो ते बेंझिलअमीन/फिनॉलवर. ३० भाग मेथॅनॉल, ७० भाग २० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर, पीएच ७.६. दर इंजेक्शनला बेंझिलअमीन आधीपेक्षा उशिरा येत होतं. आधी पंपावर संशय घेतला, पण फिनॉल जागचं हललं नव्हतं. फिनॉल या पीएचला उदासीन असतं. ते स्थिर आणि अमीन सरकतंय, म्हणजे फ्लो ठीक आहे, बदलतोय तो सिलिकाचा पृष्ठभाग. याच जोडीचा पीएच २.७ चा भाग मी नुकताच केला होता. आम्लात दबलेले सिलॅनॉल (सिलिकावरचे Si-OH गट) ७.६ ला हळूहळू आयनित होतात आणि धनभारित अमीनला जास्त धरतात. १५० × ४.६ मिमी कॉलमला, १ मिली/मिनिट फ्लोवर, उदासीन संयुगांसाठी अर्धा तास पुरला. अमीनला तीन तास लागले. आता घड्याळ बघतच नाही. सलग तीन इंजेक्शनांत रिटेन्शन (बाहेर यायला लागणारा वेळ) १ टक्क्याच्या आत आल्याशिवाय आकडा लिहीत नाही.

त्यात घाईनं आणखी एक चूक केली. २५४ नॅनोमीटरला बेंझिलअमीनचा पीक बारीक दिसतो, म्हणून सॅम्पल दाट केलं. पीकची शेपटी वाढली आणि माथा लवकर येऊ लागला. दाट करू नका, डिटेक्टर २१५ ला न्या. बेंझिलअमीनची बाटली हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते, झाकणाशी पांढरा थर दिसला तर नवी घ्या.

आणि हो, टी-शून्य, म्हणजे कॉलममध्ये न अडकणाऱ्या संयुगाला (इथे युरॅसिल) बाहेर यायला लागणारा वेळ. पीएच २.७ ला बेंझिलअमीन जवळजवळ युरॅसिलबरोबरच येतं. १.६५ मिनिटांचा पीक, टी-शून्य १.५० धरला तर के (टी-शून्याच्या तुलनेत संयुग किती जास्त थांबलं) ०.१०, १.५३ धरला तर ०.०७८. म्हणून ८०:२० मधला टी-शून्य इथे वापरू नका, त्याच मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणारं द्रावण) युरॅसिल पुन्हा मारा. अमीन युरॅसिलच्याही आधी आलं तर गोंधळू नका: पृष्ठभागावर धनभार असलेले कॉलम त्याला दूर लोटतात.

पीएच मेथॅनॉल घालण्याआधी, नुसत्या बफरचा मोजायचा. मेथॅनॉल आणि बफर वेगवेगळे मोजून एकत्र करा. सिलिंडरमध्ये खुणेपर्यंत भरलंत तर आकुंचनामुळे प्रमाण चुकतं. सोडियम बफरवर मधेच जाऊ नका, कॅटायन बदलला की अमीनचा आकडाही बदलतो. ८० टक्के मेथॅनॉलवरून थेट बफरवर किंवा उलटही नको, फॉस्फेट आतच साचतं. मधे ३०:७० मेथॅनॉल-पाणी, किमान वीस मिनिटं.