बॉम्बे हायचं तेल गेलं कुठे?

लग्नात पंगतीला शेजारी कोण येतं, यावर माझं जेवण निवांत होणार की नाही ते ठरतं. बायको कौतुकाने ओळख करून देते, "हे बॉम्बे हायला, मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर होते," आणि शेजारचा माणूस ताटावरून हात काढून माझ्याकडे वळतो. प्रश्न ठरलेला. परवा पनवेलला मुलीकडच्या एका मामांनी विचारला तसा: "तुमच्या बॉम्बे हायला एवढं तेल सापडलं होतं, ते गेलं कुठे हो? आपण अजून अरबांच्या दारात का?" मी जिलबी तोंडात टाकून वेळ मारून नेली. पण मामा, तुम्ही विचारलंत म्हणून आता सविस्तर सांगतो.

तेल कुठेही गेलेलं नाही. मी १९८४ साली नोकरीला लागलो. १९८४-८५ या वर्षात देशात सुमारे २ कोटी ९० लाख टन क्रूड, म्हणजे कच्चं तेल, निघालं. २०२३-२४ मध्ये किती निघालं? सुमारे २ कोटी ९४ लाख टन. मधे चढउतार झाले, राजस्थानात बाडमेरचं तेल आल्यावर २०११-१२ ला आकडा ३ कोटी ८० लाखांपर्यंत गेला आणि पुन्हा उतरला. पण माझ्या नोकरीचा पहिला दिवस आणि आजचा दिवस शेजारी ठेवलात तर विहिरीला पाणी जवळपास तेवढंच आहे. घरातली माणसं मात्र वाढली. तेव्हा देशाला वर्षाला ४ कोटी टनांच्या आतच तेल लागायचं, म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के गरज घरच्या घरी भागायची. आता २३ कोटी टनांच्या वर लागतं. त्यामुळे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के क्रूड बाहेरून येतं.

आकड्यांवर विश्वास नसेल तर माझं घर बघा. १९८४ ला आमच्याकडे एक सायकल होती आणि दोन वातींचा स्टोव्ह. रॉकेल रेशनवर, डबा घेऊन रांग. गॅससाठी नाव नोंदवून वडील किती वर्षं थांबले होते, ते तेही विसरले होते. आज आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडणं होतात. माझ्या एकट्याच्या घरात दोन स्कूटर, एक कार आणि गावच्या घरीसुद्धा सिलिंडर. यात काही वाईट झालं असं मला वाटत नाही. चुलीपुढे डोळे चोळणारी आजी मी पाहिलीय. पण मग तेल गेलं कुठे असं विचारताना आधी आपल्या टाकीत डोकावावं, एवढंच.

आता थोडं मूळ सांगतो, कारण लोकांना वाटतं बॉम्बे हाय म्हणजे समुद्रातलं एखादं तेलाचं तळं. तसं नाही. 'हाय' हा भूगर्भवाल्यांचा शब्द, समुद्रतळाखाली खडकाला आलेला उंचवटा. तेल आहे ते त्या चुनखडकाच्या बारीक छिद्रांत. साठच्या दशकात रशियन सर्वेक्षण जहाजाला या उंचवट्याचा सुगावा लागला. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या रिगने, म्हणजे समुद्रात विहीर खोदायच्या सांगाड्याने, मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर भोक पाडलं आणि तेल लागलं. मुहूर्त बघा: १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं होतं आणि काही महिन्यांत क्रूडचा भाव चौपट झाला होता. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरूसुद्धा झालं. सव्वादोन वर्षांत! हल्ली एवढ्यात परवानग्यासुद्धा पूर्ण होत नाहीत. घरात जुनी एक रुपयाची नोट असेल तर उलटी करून बघा. त्यावर समुद्रात पाय रोवून उभी आहे ती सागर सम्राट. वर्षानुवर्षं आहेराच्या पाकिटात एकशे एक घालताना लोकांनी ती वाटली आणि कुणी बघितली नाही.

१९८९ च्या सुमारास एकट्या बॉम्बे हायमधून दिवसाला पावणेपाच लाख बॅरल निघत होतं. आता ते दीड लाखाच्याही खाली आलंय. का, ते मी रोज बाटलीत बघितलंय.

चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, असं आमचं आयुष्य. जुहूहून हेलिकॉप्टर, मग प्लॅटफॉर्म, कधी विहिरींच्या तोंडावरच्या छोट्या मानवरहित वेलहेडवर बोटीने. तिथे प्रत्येक विहिरीला सॅम्पल काढायचा नळ असतो. बाटली धरायची, हळूच व्हॉल्व्ह उघडायचा. फसफसत गॅस, मग दाट तपकिरी द्रव. बॉम्बे हायचं क्रूड चांगलं, हलकं, गंधक कमी. पण मेण भरपूर, त्यामुळे जरा गारवा लागला की तुपासारखं थिजतं. डिसेंबरात सॅम्पल रात्रभर बाजूला राहिलं तर सकाळी बाटली उलटी केली तरी पडायचं नाही. मग लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजच्या नळीत घालून गरगर फिरवायचं आणि बघायचं: वर तेल किती, खाली पाणी किती. सुरुवातीला कितीतरी विहिरींच्या नळीत पाण्याची नुसती रेघ दिसायची. मग बोटभर. मग निम्मं. खडकातला दाब टिकावा म्हणून आपण समुद्राचंच पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून खाली दाबतो. ते पाणी तेलाला पुढे ढकलतं आणि एक दिवस तेलाच्या आधी तेच वर येऊन उभं राहतं. खडकातलं बहुतेक तेल तरी खालीच चिकटून राहतं. ओला टॉवेल कितीही पिळा, कोरडा होतो का? मामा, म्हातारं शेत म्हणतात ते हे. याला खत घालता येतं, तरुण करता येत नाही.

गॅसची गोष्ट तर आणखी जिवाला लागणारी. सुरुवातीच्या वर्षांत तेलाबरोबर येणारा बराचसा गॅस जाळून टाकावा लागायचा, कारण तो दाबून किनाऱ्याला पाठवायची सोय अपुरी होती. फ्लेअरच्या, म्हणजे त्या जळत्या गॅसच्या, उजेडात रात्री डेकवर पेपर वाचता यायचा. तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं, फोटो काढायचो. पुढे तो गॅस उरणला आला, अलिबागजवळ थळच्या कारखान्यात त्याचा युरिया झाला, हजिऱ्याहून पाइपलाइनने उत्तरेकडे गेला. आणि आज? देशाला लागणारा साधारण निम्मा गॅस उणे १६० अंशांच्या आसपास थंड करून, द्रव करून, जहाजातून आणतो. दहेजला येतो, आपल्या दाभोळलाही येतो. दाभोळची गंमत अशी की ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, पूर्ण नसल्याने तिथलं गॅस उतरवायचं टर्मिनल वर्षानुवर्षं पावसाळ्यात बंद ठेवावं लागायचं. जे आपण जाळलं, तेच आता बर्फाहून गार करून विकत घेतो.

मामांनी जाता जाता आणखी एक सोडलं होतं: "आपल्याकडे तेल खूप आहे, काढू देत नाहीत." हे व्हॉट्सॲपवर मलाही महिन्यातून दोनदा येतं. शोध चालू आहे आणि चालूच राहिला पाहिजे. पण सापडणं आणि निघणं यात मोठं अंतर आहे. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रातला गॅस २००९ ला आला तेव्हा वाटलं होतं, आता मिटलं. दोन-तीन वर्षांत तो असा घसरला की त्याच्या भरवशावर उभी केलेली वीजकेंद्रं गॅसवाचून बसली. २०१५ मध्ये ठरलं होतं की २०२२ पर्यंत आयातीवरचं अवलंबन ७७ टक्क्यांवरून ६७ वर आणायचं. ते ८५ च्या वर गेलं. कुणी काढू दिलं नाही म्हणून नव्हे, खडकाने दिलं नाही आणि आपण वापरायचं थांबलो नाही म्हणून.

कोकणात रिफायनरी आली की तेल आलं, असं समजणारेही भेटतात. अहो, गिरणी म्हणजे शेत नव्हे. दळायला आपण पटाईत आहोत, वर्षाला ६ कोटी टनांच्या आसपास पेट्रोल-डिझेल वगैरे बाहेर विकतो. पण दळण बाहेरून येतं. आणि आपल्या घरचं क्रूडसुद्धा जगाच्या भावाशी बांधलेलं असतं, त्यामुळे तेल उरणचं म्हणून पनवेलच्या पंपावर स्वस्त मिळत नाही. कराचं बोलत नाही, जेवण कडू होतं.

भीती वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. १९९०-९१ ला इराकने कुवेत घेतलं, तेल भडकलं आणि परकीय चलनाचा खडखडाट झाला. देशाला ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. तेव्हा आम्ही बाहेरून आजच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी हिश्शाचं तेल घेत होतो, हे लक्षात घ्या. आता विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला जमिनीखालच्या गुहांत ५३ लाख टन साठवायची सोय केलीय. बरं केलं. पण त्या काठोकाठ भरल्या तरी देशाची नऊ-दहा दिवसांची बेगमी.

शेवटच्या चौदा दिवसांत मी मुद्दाम एका जुन्या विहिरीचं सॅम्पल स्वतः काढलं. सेंट्रिफ्यूज थांबलं. नळीत ऐंशी टक्के पाणी, वर तेलाची तपकिरी टोपी. बाजूला उभा असलेला नवा पोरगा, नगरकडचा, म्हणाला, "सर, ही फील्ड अजून किती वर्षं चालेल?"

१९८४ ला मी हाच प्रश्न माझ्या सीनियरला विचारला होता. त्यांनी कानामागे पेन खोचत सांगितलं होतं, "विसेक वर्षं धर."

मीही त्याला विसेकच सांगितली.