नेमणूकपत्रावर शिक्का कोणाचा?

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना ‘कशी नोकरी हवी?’ असे विचारले की बहुतेक जण ‘पर्मनंट’ एवढेच उत्तर देतात, आणि महाविद्यालयातील प्लेसमेंटचे काम माझ्याकडे आले तेव्हा पहिली काही वर्षे मीही ते तसेच वहीत उतरवून घेत असे.

यंदा रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातले नेमणूकपत्र घेऊन आली. मजकुरात कारखान्याचे नाव होते, पण वरचे लेटरहेड आणि सहीखालचा शिक्का पुण्याच्या एका कंत्राटदाराचा होता, आणि मुदत अकरा महिन्यांची होती. ‘मॅडम, मी कंपनीतच लागले ना?’ असे तिने विचारले, तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण हा फरक आम्ही वर्गात कधी शिकवलेलाच नाही.

कंत्राटदारामार्फत लागलेल्या मुलीचा मालक कंत्राटदार असतो. त्याचे कंत्राट संपले की तिच्या नोकरीचाही भरवसा राहत नाही. याउलट, २०१८ मध्ये केंद्र सरकारने सर्व उद्योगांना खुल्या केलेल्या निश्चित मुदतीच्या नोकरीत कंपनी स्वतः पत्र देते, त्याच कामाच्या कायम कामगारापेक्षा कमी पगार देता येत नाही, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हक्क मिळतो. १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप हे शिक्षण आहे. तिथे विद्यावेतन मिळते, पीएफ नाही. राज्याच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना मिळणारे दरमहा १०,००० रुपयेही विद्यावेतनच होते, तरी कित्येक घरांतून ‘सरकारी नोकरी लागली’ म्हणून पेढे वाटले गेले.

म्हणून आता मी आधी घरची परिस्थिती विचारते. राजापूरकडच्या एका मुलाच्या घरी हापूसची कलमे आहेत आणि वडील एकटे आहेत. मार्च ते मे त्याला घरी असायलाच हवे, त्यामुळे कंपनीने थेट दिलेली आठ महिन्यांच्या मुदतीची नोकरी त्याला पुण्यातल्या कायम नोकरीपेक्षा सोयीची आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर घरबांधणीचे कर्ज आहे. त्याला पीएफ आणि विमा असलेली कायम नोकरीच हवी, आणि त्यात मी त्याला तडजोड सुचवणार नाही. या दोघांनीही अर्जात ‘पर्मनंट’ असेच लिहिले होते. कंपन्यांचे अधिकारी येतात तेव्हा त्यांनाही मी हेच सांगते की जागांची संख्या कळवताना करार कोणत्या प्रकारचा आहे आणि पत्र कोण देणार आहे, हे लेखी कळवा. काहींना ते आवडत नाही.

त्या विद्यार्थिनीला प्रयोगशाळेतला एक वर्षाचा अनुभव घेऊन मग एम.एस्सी. करायचे आहे. तिला कायम नोकरी नकोच होती, हे तिलाही बोलता बोलता उमगले. कंपनीने स्वतःच्या नावाने एक वर्षाच्या मुदतीचे पत्र द्यावे, अशी विनंती आम्ही दोघींनी मिळून लिहून पाठवली आहे. कंपनीने सोमवारपर्यंत वेळ मागितला आहे, आणि तोवर तिने कंत्राटदाराच्या पत्रावर सही केलेली नाही.