‘अजून तसंच आहे का?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही काही पहिले नाही. पुण्याहून दादाचा फोन आला की तब्येत, पाऊस आणि लगेच हाच प्रश्न. शाळेतून निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली, तरी जुनी मुलं बंगळूरहून, दुबईहून फोन करतात, एक तर कॅनडातून करतो, आणि विचारतात, "बाई, ते हॉटेल अजून तसंच आहे का हो?" नाव कुणी घेत नाही. सांगलीत हरभट रोडच्या अंगानं बोळात शिरलं की लागतं ते ‘ते’ हॉटेल, एवढं पुरतं.

नाव मीही लिहीत नाही. मालकांना विचारलं होतं. म्हणाले, "लिवा की बाई, पण नाव तेवढं नको. रविवारी पुण्याच्या गाड्या लागत्यात आन् रोजचं गिऱ्हाईक उभं ऱ्हातंय."

तर उत्तर असं, की नाही. तसंच नाही.

हे ऐकलं की माणसं गप्प होतात, ओळखीतलं कुणी गेल्याचं कळवावं तशी. म्हणून मग मी घाईघाईनं काय काय शिल्लक आहे ते सांगत सुटते. संगमरवरी फरशीची टेबलं आहेत. त्यांचे बिडाचे पाय आहेत, आणि कोपऱ्यातल्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, तीही बहुधा मूळचीच. लंबकाचं घड्याळ आहे. मालक सोमवारी किल्ली देतात, रविवारपर्यंत ते दहा मिनिटं मागं पडतं, त्याच्या भरवशावर कुणी एसटी गाठायला निघत नाही. वेताच्या बैठकीच्या खुर्च्या चारच उरल्यात, बाकी प्लॅस्टिकच्या. गल्ल्यामागं दोन पाट्या आहेत, ‘आज रोख उद्या उधार’ आणि ‘येथे राजकीय चर्चा करू नये’. वसंतदादांच्या सांगलीत ही दुसरी पाटी कुणी आणि कुठल्या आशेवर लावली असेल, असं आमचे हे दर वेळी म्हणायचे, आणि पाटीखालीच बसून साखर कारखान्याच्या निवडणुकीवर तासभर बोलायचे.

चवीचं म्हणाल, तर मिसळीचा कट बदललाय हे खरं. पूर्वी कोळशाची भट्टी होती. पहाटे चढवलेला कट निखाऱ्यावर मुरत राहायचा, म्हणून सातच्या मिसळीपेक्षा दहाची मिसळ चांगली, असं जाणकार सांगायचे आणि त्या हिशेबानं उशिरा यायचे. आता गॅस आहे. गॅसवर कट उकळतो, मुरत नाही. तळण शेंगतेलात असायचं, वड्याचा घाणा पडला की वास बोळाच्या तोंडापर्यंत यायचा. आता सोयाबीन, त्याला वासच नाही. चटणी, म्हणजे आमच्याकडचं कांदा-लसणाचं तिखट, मालकांची आई स्वतः डंकावर बसून कुटून आणायची, रंगाला ब्याडगी आणि चवीला संकेश्वरी. हल्ली संकेश्वरीचं नाव काढलं की मालक भाव सांगतात आणि विषय संपतो. ब्रेड मात्र स्लाइसच देतात. पुण्याची मंडळी पाव मागतात, त्यांना स्लाइसच मिळतो. आणि दोष सगळा हॉटेलवर तरी कसा घालू? रक्तदाबाची गोळी घेऊन आलेली बाई ‘कट बेतानं’ सांगते आणि वर म्हणते, पूर्वीची चव राहिली नाही.

पण माझी अडचण निराळीच आहे. ‘तसंच’ म्हणजे कसं, हे मला ठाऊकच नाही. दादाला जे हॉटेल आठवतं ते मी पाहिलेलंच नाही.

दादाच्या आठवणीत रस्त्याकडं तोंड करून बसायचं टेबल आहे. भावे नाट्यमंदिरात नाटक सुटलं की मध्यरात्रीचा चहा आहे, पलीकडच्या टेबलावर नटमंडळी, कुणाच्या कानामागं रंग तसाच राहिलेला. ऑर्डर ओरडून देणारा वेटर आहे, आणि गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडं निघालं की त्याच्या पाठीवर बिल फेकणारा तोच आवाज: "टोपीवाले, एक रुपया दहा! चष्मा, साठ पैसे!" हे सगळं मी ऐकलंय. पाहिलं नाही. मी फॅमिलीत होते.

फॅमिली रूम म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं. हॉटेलच्या मागच्या अंगाला, मोरी आणि भटारखान्याच्या मध्ये, पुरुषभर उंचीचं प्लायवूडचं पार्टिशन. वर छतापर्यंत मोकळंच, म्हणजे आवाज, वास, विडीचा धूर सगळं आत यायचं. दाराला पडदा. त्याचा रंग सांगता येणार नाही, कारण हात पुसून पुसून तो सगळ्या पदार्थांचा झाला होता. आत दोन टेबलं, एक दिवा, भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर. खिडकी नाही. पाटीवर इंग्रजी शब्द देवनागरीत, ‘फॅमिली’, आणि फॅमिली म्हणजे बायका. आमचे अण्णा त्या फॅमिलीत कधी बसले नाहीत.

अण्णा गणपती पेठेत हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही गणपतीच्या देवळात जायचो आणि येताना हॉटेलात. दारातच आमची वाटणी व्हायची. अण्णा आणि दादा बाहेर, आई आणि मी आत. दादा माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण तो बाहेर. अण्णांच्या ओळखीचे अडते, हमाल, व्यापारी बाहेर बसलेले असत, राजापुरी हळदीचा कालचा सौदा कितीला फुटला याची चर्चा पार्टिशनवरून आमच्या पुरीभाजीत पडत असे. वेटर आमची ऑर्डर ओरडायचा, "फॅमिलीत दोन पुरीभाजी!" आणि निघताना बिल अण्णांच्या पाठीवर जायचं: "हळदवाले, फॅमिली धरून!" अण्णांच्या धोतराचा काठ बारा महिने पिवळा असायचा, त्यामुळं वेटरला दुसरी खूण शोधावी लागत नसे.

तेव्हा मला यात काही वावगं वाटलं असेल असं समजू नका. मला फक्त रस्ता बघायचा होता.

पुढं मी शिक्षिका झाले. इतिहास आणि नागरिकशास्त्र. राज्यघटनेचं पंधरावं कलम शिकवताना एक गोष्ट दर वर्षी व्हायची. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात मज्जाव करता येणार नाही, असं मी वाचून दाखवायचे आणि कुणीतरी पोरगं हसायचं: बाई, घटनेत हॉटेल? मग मी त्यांना कोल्हापूरची गोष्ट सांगायचे. गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार म्हणून गिऱ्हाईक येईना, तर शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले. राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्यांना प्यावाच लागला. मुलं हसायची थांबत. चहाच्या कपाला केवढा इतिहास असतो ते तिथं कळायचं. मी हे सगळं रंगवून सांगायचे, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही चौघी शिक्षिका त्याच हॉटेलात जायचो, वेटर फडकं खांद्यावर टाकून म्हणायचा, "बाई, आत बसा." आणि पंधराव्या कलमासकट आम्ही आत जाऊन बसायचो.

जबरदस्ती कुणी केली नाही, हेही सांगायला हवं. १९९०च्या आसपास एकदा मी आणि चित्रकलेच्या बाई बाहेर बसलो होतो. कुणी काही बोललं नाही. फक्त शेजारच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. माणसं इतकी सभ्यपणे गप्प बसली की आम्ही अर्धा चहा टाकून उठलो. त्यानंतर आपल्या पायानं आत. गावाची रीतच म्हणा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते याच सांगलीत, त्यावर आम्ही अजून नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. पण त्यात सीताही पुरुषच झाला होता. दर्शनी बाजूला बायकांनी बसायचं नाही, हे माझ्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधी ठरलेलं.

मग २०१९चा ऑगस्ट आला.

सांगलीकर पावसाळ्यात एकमेकांना ‘कसे आहात’ विचारत नाहीत, ‘किती फूट’ विचारतात. फूट म्हणजे आयर्विन पुलाचे. पूल १९२९ सालचा, आणि कृष्णेच्या पाण्याचं गावाचं मोजमाप तिथंच होतं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या वर्षी पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. २००५चा पूर बघितलेली माणसं त्या खुणेवर भरवसा ठेवून बसली होती, आणि पाणी ती खूण ओलांडून वर आलं. मी विश्रामबागेत, उंचावर, माझ्याकडं गावभागातली दोन घरं राहायला आली होती. पाणी उतरल्यावर हॉटेलकडं गेले तर बोळात गुडघाभर गाळ.

कुठली वस्तू जुनी होणार आणि कुठली नाही, हे आमच्याकडं नदी ठरवते. संगमरवराला काही झालं नव्हतं. पाइप लावून धुतला, स्वच्छ. बिडाचे पाय घासून रंगवले. घड्याळ उंचावर होतं, वाचलं. पाट्या काचेत होत्या, पुसून परत लावल्या. वेताच्या खुर्च्या गेल्या, त्या चार कशा राहिल्या देव जाणे. आणि फॅमिली रूमचं प्लायवूड फुगून त्याचे पदर सुटले होते, खारी चहात बुडवल्यावर सुटतात तसे. मालकांचा मुलगा ते हातानं ओरबाडून काढत होता. रस्त्याकडेला साऱ्या बोळाचा ढीग पडलेला, गाद्या, वह्या, फ्रीज; जेसीबी येऊन उचलून नेत होता. त्यात ते पार्टिशन गेलं. ‘फॅमिली’ पाटीसकट.

दसऱ्याच्या सुमारास हॉटेल परत उघडलं. पैसे संपले होते, म्हणून पार्टिशन झालं नाही. यामागं काही सुधारणावादी विचार होता असं कृपा करून लिहू नका. मालक म्हणाले, "करू की पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी कोरोना आला.

उघडल्यावर आठवड्याभरात मी गेले. तोच वेटर, आता केस पांढरे. मला बघून फडकं खांद्यावर टाकलं आणि सवयीनं म्हणाला, "बाई, आत ब—" आणि वळून बघितलं. आत नव्हतंच. जिथं खोली होती तिथं भिंतीवर पाण्याची रेघ आणि दोन रिकामी टेबलं. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. शेवटी म्हणाला, "बसा कुठंबी." मी दादाच्या टेबलावर बसले. रस्ता बघितला. खरं सांगते, बघण्यासारखं काही नव्हतं. एक टेम्पो मागं घेत होता आणि चारजण त्याला चार वेगवेगळ्या दिशा सांगत होते. मी दोन चहा घेतले.

म्हणून कुणी ‘तसंच आहे का’ विचारलं की मी ‘नाही’ म्हणते, आणि त्यात थोडा आनंदही मिसळलेला असतो. अलीकडं पोरी येतात, चौघी-पाचजणी, टेबलांचे फोटो काढतात, जोरात हसतात, बिल वाटून भरतात. वेटर त्यांनाही ‘बसा कुठंबी’ म्हणतो. माझं उत्तर इथं संपायला हरकत नव्हती. पण गेल्या वर्षी मी आईला घेऊन गेले.

आई पंच्याऐंशीची. गुडघ्यांमुळं फारशी बाहेर पडत नाही. गणपतीचं दर्शन झालं, तेव्हा म्हणाली, हॉटेलात जाऊ. रिक्षा बोळात घालायला लावली. मी तिला मोठ्या ऐटीत पुढच्या टेबलाशी नेलं, रस्त्याकडं तोंड करून बसवलं. तिनं मान वळवून मागं बघितलं.

"खोली कुठाय?"

"पुरात गेली."

"परत नाही बांधली?"

"नाही. बरंच झालं की. आता कुठंही बसता येतं."

ती काही बोलली नाही. पदर दोनदा सारखा केला. मग म्हणाली, "तुला काय ठाऊक. तू सारखी त्या पडद्याच्या फटीतून बाहेर बघत असायचीस. मी त्या खोलीत चपला काढून खुर्चीवर मांडी घालायचे. डोक्यावरचा पदर खाली. घरी गरम पुरी मी कधी खाल्लीय? सगळ्यांचं होईस्तोवर गार. तुझी आजी बसलेली असायची समोर. इथं पोऱ्या यायचा आणि विचारायचा, वहिनी, आणखी एक आणू? मला विचारायचा." थोडं थांबून परत म्हणाली, "मला."

मी खुर्ची वळवू का म्हणून विचारलं. तिनं मान हलवली. वेटर आणि मी मिळून ती रस्त्याकडून भिंतीकडं वळवली, पाण्याच्या रेघेकडं तोंड करून. आईनं चपला काढल्या. मांडी आता जमत नाही, पण एक पाय तिनं वर घेतलाच.

पुरीभाजी आली. पुरी फुगलेली होती. आईनं बोटानं फोडली, हात भाजला तरी सोडली नाही, तशीच तोंडात घातली.

"आजी, आणखी एक आणू?" वेटर म्हणाला.

"दोन आण," आई म्हणाली.